फिलिपिनो माणूस, त्याचं घर आणि समुपदेशकाचं शिक्षण

मुक्ता_सा

नमस्कार मंडळी,

सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिणेकडून लागून डेली सिटी आहे. तिथला साधारण दर तिसरा माणूस फिलिपिनो. त्याच पट्ट्यातल्या एका केंद्रात मी समुपदेशनाचं काम करते आणि अलीकडे नवीन येणाऱ्या समुपदेशकांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलंय. हा धागा त्या शिकवण्याबद्दल आहे. इथे नर्सिंगमधले, आखातातले, फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी केलेले बरेच जण वावरतात, म्हणून मुद्दाम मराठीत विचारतेय.

अमेरिकेत 'सांस्कृतिक जाण' या नावाने जे प्रशिक्षण मिळतं त्याचा साचा ठरलेला आहे. अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आणि पडद्यावर एकेका समाजाची दोन-तीन पानं. फिलिपिनोंच्या पानावर असतं : कुटुंबाला धरून राहणारे, बहुतेक कॅथलिक, मोठ्यांना मान देणारे, लाज फार, मदत मागायला उशीर करणारे. यातलं काही खोटं नाही. पण हे सगळं पाठ करूनही समोर बसलेल्या बाईशी पहिलं वाक्य काय बोलावं ते कळत नाही. माझं ठाम मत झालंय की समाजाची माहिती थोडी कमी दिली तरी चालेल, पण नात्यात शिरायची रीत शिकवलीच पाहिजे. ती रीत नव्याने शोधायचीही गरज नाही. मनिलातल्या लोकांनी ती पन्नास वर्षांपूर्वी मांडून ठेवली आहे.

विर्जिलियो एन्रिकेझ हे त्यातलं मोठं नाव. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते १९७१ मध्ये मायदेशी परतले आणि युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्सच्या दिलिमान इथल्या आवारात शिकवू लागले. १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य, त्यानंतर १९४६ पर्यंत अमेरिकेचं. मानसशास्त्राची पुस्तकं अमेरिकन, चाचण्या अमेरिकन, वर्गातली भाषा इंग्रजी. एन्रिकेझ यांनी आपल्या भाषेत शिकवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये 'सिकोलोहियांग पिलिपिनो'ची, म्हणजे फिलिपिनो मानसशास्त्राची, राष्ट्रीय संघटना उभी केली. तोवर परदेशी आणि परदेशात शिकलेले अभ्यासक फिलिपिनो स्वभावाबद्दल लिहिताना लाजाळूपणा, जुळवून घेणं, उपकाराचं ओझं असे वरवर दिसणारे गुण मोजत होते. एन्रिकेझ यांचं म्हणणं, या सगळ्याच्या मुळाशी 'काप्वा' आहे. मी आणि समोरचा, दोघांचं आतलं माणूसपण एकच आहे, ही जाणीव. ती धरली की बाकीच्या गुणांचा अर्थ लागतो आणि सोडली की ते नुसते दोष वाटतात.

समुपदेशकाच्या कामाचं खरं पुढेच आहे. १९७६ मध्ये कार्मेन सांतियागो आणि एन्रिकेझ यांनी माणसामाणसातल्या व्यवहाराच्या आठ पायऱ्या मांडल्या. पहिल्या पाच परक्या माणसासाठी, 'ईबांग ताओ'साठी : सभ्यपणे बोलणं, मग मिसळणं, सामील होणं, रीत पाळणं आणि शेवटी सोबत निभावून नेणं. पुढच्या तीन आपल्या माणसासाठी, 'हिंदी ईबांग ताओ'साठी (इथलं 'हिंदी' म्हणजे 'नाही', आपल्या हिंदीशी संबंध नाही) : एकमेकांवर आतून विश्वास, मग गुंतणं, मग एकरूप होणं. पाचवीवरून सहावीवर जाणं हा उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे माणूस तुमच्याशी गोड बोलेल, हसेल, वेळेवर येईल आणि खरं काहीही सांगणार नाही.

आता आमचा पहिल्या दिवसाचा फॉर्म बघा. जीव द्यावासा वाटतो का, दारू किती, घरात मारहाण होते का, लहानपणी कुणी अत्याचार केला का. सगळं पहिल्या पन्नास मिनिटांत आणि सगळं पहिल्या पायरीवर उभं राहून. उत्तरं 'नाही', 'ठीक आहे', 'ओके लांग' अशीच येणार. मग कागदावर लिहिलं जातं की 'रुग्णाला अंतर्दृष्टी कमी'. हे वाचलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्या बाईला सगळी दृष्टी आहे, ती तुम्हाला अजून जोखतेय एवढंच. समोरच्याचं न बोललेलं ओळखणं, 'पाकिकिरामदाम', हा तिथे जगण्याचा भाग आहे. तुम्ही तिला तपासताय तेव्हा तीही तुम्हाला तपासत असते, आणि बहुधा तुमच्यापेक्षा बारकाईने.

एक प्रसंग सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वृद्धाश्रमात पाळ्या करणारी साठीची बाई, डोकेदुखी आणि झोप नाही म्हणून डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलेली. नवीन समुपदेशक मुलगी फॉर्म भरतेय, मी बाजूला. बाई प्रत्येक उत्तराला हसतेय. नवरा वारला तेही हसतच सांगितलं. मग तिने उलट विचारलं, तुझं लग्न झालंय का, आई कुठे असते, जेवलीस का. आणि पिशवीतून तुरोन काढले, म्हणजे केळं आणि फणसाचा तुकडा गुंडाळून साखरेत तळलेल्या सुरळ्या. आमच्या मुलीला शिकवलेलं असं की खासगी प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न पेशंटकडे वळवायचा आणि भेटवस्तू घ्यायची नाही. पण तिने एक क्षण थांबून एक तुरोन घेतला, अर्धा मला दिला आणि सांगितलं की आई फ्रेस्नोला असते, रोज फोन करते. बाई खुर्चीत मागे टेकली. त्यानंतरच्या दहा मिनिटांत जे बाहेर आलं ते फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात मावणारं नव्हतं : मनिलातली बहीण, पाठवलेले पैसे, अंत्ययात्रेला जाता आलं नाही ते.

मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन ग्रंथात २०१३ च्या आवृत्तीपासून संस्कृती समजून घ्यायला सोळा प्रश्नांची मुलाखत दिली आहे. ती चांगली आहे, मी वापरते. पण तीही मुलाखतच. विचारणारा एक आणि उत्तर देणारा एक. दिलिमानच्या लोकांनी संशोधनासाठी ज्या रीती सुचवल्या त्यात गप्पा मारणं आहे, चाचपडत जाणं आहे, इकडचं तिकडचं विचारत राहणं आहे, आणि त्यात समोरचाही तुम्हाला प्रश्न विचारू शकतो. ती बरोबरी मला प्रशिक्षणात हवी आहे.

तर प्रश्न असे : तुम्ही ज्या फिलिपिनो लोकांसोबत राहता, काम करता, त्यांना मनाचं दुखणं आलं तर ते आधी कुणाकडे जातात? आणि ज्याच्याकडे जातात त्याने असं काय केलं की ते गेले?

---

दवाओ_ते_लातूर

ताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी मिंदानाओ बेटावर दवाओमध्ये डॉक्टरकी शिकलो. तिथे भारतीय मुलं खूप आहेत, आमच्या मेसमध्ये चपातीसोबत शेंगदाण्याची चटणी असायची एवढी मराठी मुलं होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : आधी घरातल्या मोठ्या बाईकडे, मग मानानांबालकडे (गावचा वैदू, मनिलाकडे अल्बुलार्यो म्हणतात), मग पाद्रीकडे आणि शेवटी आमच्याकडे. वॉर्डात पोराला आणलंय, झोपत नाही, बडबडतो, भिंतीकडे बघून हसतो. नातेवाईक डॉक्टरांना सांगतात 'ताप आला होता'. तवास करून आलेत हे सांगत नाहीत, कारण मागच्या खेपेला कुणीतरी डॉक्टर खेकसलेला असतो. तवास म्हणजे तुरटी तापवून किंवा मेणबत्तीचं मेण पाण्याच्या वाडग्यात थेंबथेंब सोडून जो आकार होतो तो वाचायचा. वारुळात राहणाऱ्या बुटक्याला लाथ लागली का, कुणाची नजर लागली का, ते त्यावरून सांगतात. आपल्याकडे मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात, मला त्यात परकं काही वाटलं नाही. आमच्या शहरी फिलिपिनो सहाध्यायांनाही ते परकं वाटायचं नाही, पण पेशंटसमोर चेहरा कोरा ठेवायचा असं सगळ्यांना वळण लागलेलं.

आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टर बाई मात्र वेगळ्या होत्या. वॉर्डात शिरल्या की आधी आजीचा हात स्वतःच्या कपाळाला लावायच्या, मोठ्यांना नमस्कार करायची तिथली रीत आहे ती. मग सहज विचारायच्या, "मेणात काय दिसलं?" आजी सगळं सांगायची. कधीपासून, कशावरून भांडण झालं, पोरगा कुठल्या रात्री घराबाहेर राहिला. तीन पिढ्यांचा इतिहास त्या एका प्रश्नात मिळायचा. गोळ्या त्या नेहमीच्याच द्यायच्या. फक्त 'त्यांचं पाणी चालू ठेवा, माझ्या गोळ्याही चालू ठेवा, दोन्ही बंद करू नका' असं सांगायच्या, आणि पेशंट परत यायचा.

हे काही त्या एकट्यांचं नाही. मनिलातल्या आतेनेओ विद्यापीठातले जेझुइट मानसशास्त्रज्ञ हाइमे बुलाताओ यांनी 'झपाटलेल्या' लोकांसोबत अनेक वर्षं काम केलं, संमोहन वापरलं. भूत खरं का खोटं या वादात न पडता त्या माणसाच्या अनुभवाच्या आत जाऊन बोलायचं, ही त्यांची पद्धत. १९६६ मध्ये त्यांनीच लिहून ठेवलंय की फिलिपिनो माणसाचा ख्रिस्ती धर्म दोन मजल्यांवर राहतो, वर चर्चमधला आणि खाली जुना, आणि मधला जिना वापरात नसतो.

एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. तुम्ही दिलेले सगळे शब्द तागालोग आहेत. दवाओत लोक बिसाया बोलतात, ताक्लोबानमध्ये वाराय. दक्षिणेला मुसलमान मोरो, डोंगरात लुमाद आदिवासी. २०१७ मध्ये मारावी शहर पाच महिने लढाईत होतं, लाखो लोक विस्थापित झाले, बहुतेक माराणाओ मुसलमान. त्यांच्या छावणीत दिलिमानचे शब्द घेऊन जाणारा समुपदेशकही परकाच. 'फिलिपिनो संस्कृती' म्हणत मनिलाची संस्कृती शिकवली जाते ही तक्रार तिकडे जुनी आहे.

---

प्रमाण_द्या

लेख आणि वरचा प्रतिसाद दोन्ही आवडले. पण एक शंका. तुरोन खाल्ला, हात कपाळाला लावला, पेशंट बोलला, छान. त्याने नैराश्य कमी झालं का? उपचाराची परिणामकारकता मोजलेली कुठे आहे? 'आपल्या मातीतलं' म्हटलं की तपासायचं थांबतं, हे आपल्याकडे आपण पुरेसं पाहिलंय.

---

मुक्ता_सा

@दवाओ_ते_लातूर : दुरुस्ती मान्य आणि तुमच्या त्या डॉक्टर बाईंना माझा नमस्कार. 'मेणात काय दिसलं' हा प्रश्न मी वर्गात सांगणार आहे.

@प्रमाण_द्या : रास्त प्रश्न. मोजलेलं उदाहरण आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

८ नोव्हेंबर २०१३ रोजी योलांदा वादळ (बाहेरच्या जगात हैयान) ताक्लोबानवर आदळलं. समुद्र शहरात घुसला, सरकारी आकड्यानुसार सहा हजारांवर माणसं गेली. देशात मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एकही येत नाही, त्यातले बहुतेक मनिला आणि मोठ्या शहरांत. तेव्हा फिलिपिन्सच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आतेनेओतल्या रेजिना हेचानोवा आणि सहकाऱ्यांसोबत 'कातातागान' नावाचा कार्यक्रम बांधला. गटाने बसायचं, सहा सत्रं. पहिलं सत्र त्रासाबद्दल नाही, बळाबद्दल : तू यातून इथवर कसा आलास? दुसरं शरीराबद्दल, पाऊस वाजला की छाती का धडधडते आणि तेव्हा काय करायचं. मग 'कालोओबान', विचार आणि भावना. मग रोजची उपयोगाची कामं, मग अडचणी सोडवणं आणि सोबतीला कोण आहे ते बघणं, शेवटी पुढचे दिवस. आतली तंत्रं ओळखीची आहेत, विचार आणि वर्तनावरच्या उपचारातली, थोडं श्वासाकडे लक्ष देणं. पण मांडणीचा क्रम, गट, भाषा, सगळं तिथलं. चालवणारेही सगळे मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोकही होते.

यावरचे अभ्यास छापून आलेत. सामना करण्याची कौशल्यं वाढल्याचं दिसलं. बहुतेक अभ्यास आधी आणि नंतर मोजणारे आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले मोठे प्रयोग नव्हेत, त्यामुळे तुम्ही त्याला पक्का पुरावा म्हणणार नाही आणि तो तुमचा हक्क आहे. पण 'तपासायचं थांबलं' असं तरी म्हणता येणार नाही. २०१६ नंतर अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत माणसं मारली जात होती, अमली पदार्थ घेणाऱ्या लाखोंनी पोलिसांकडे जाऊन नाव नोंदवलं आणि त्यांचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याच मंडळींनी तोच साचा बदलून वस्तीपातळीवरचा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम केला, त्यात घरच्यांची सत्रंही घातली. चर्चचे स्वयंसेवक आणि बारांगायचे आरोग्यसेवक तो चालवत होते. बारांगाय म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या पातळीचा घटक, देशभरात बेचाळीस हजारांच्या आसपास. त्या दिवसांत हे काम करायला काय धैर्य लागलं असेल याचा विचार करा.

मकावमधल्या फिलिपिनो कामगारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मोबाइलवरचा कार्यक्रम असाच बदलून घेतला. चित्रगोष्टीतली पात्रं, त्यांच्या अडचणी, बोलणं, सगळं त्या कामगारांना विचारून.

---

वंदना_सिस्टर

इंग्लंडमध्ये एका इस्पितळात आहे, आमच्या वॉर्डात निम्म्या फिलिपिना. मूळची सांगलीची.

२०२० मध्ये आमच्यातल्या काही गेल्या. अमेरिकेतल्या नॅशनल नर्सेस युनायटेड या संघटनेने त्या सप्टेंबरमध्ये आकडे दिले होते : तिथल्या नोंदणीकृत परिचारिकांमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, कोविडने गेलेल्या परिचारिकांमध्ये जवळपास एक तृतीयांश. अतिदक्षता आणि मेडिकल वॉर्डात त्याच जास्त, जादा पाळीला नाही म्हणत नाहीत, कारण गावी पैसे जायचे असतात.

व्यवस्थापनाने समुपदेशनाची फोनलाइन दिली. आमच्या फिलिपिनांपैकी कुणी फोन केल्याचं मला माहीत नाही. फोनवर अनोळखी माणसाला काय सांगणार? त्याऐवजी काय झालं ते सांगते. रात्रपाळी संपली की आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टर, त्यांना सगळ्या 'आते' म्हणतात (तिकडे आते म्हणजे मोठी बहीण), त्यांच्या गाडीपाशी दोघी-तिघी थांबायच्या. अंतर ठेवून, थर्मासातली लापशी, आल्याची, तांदळाची, लुगाव म्हणतात. रडणंही तिथेच आणि नकलाही तिथेच. कुणी दोन दिवस आली नाही की आते घरी फोन करायची.

पुढे इस्पितळाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शहाणपणा केला. त्यांनी आतेला बोलावून घेतलं, धोक्याची लक्षणं कुठली, कधी आपल्याकडे पाठवायचं, आणि स्वतः आतेने कधी थांबायचं, हे शिकवलं. स्वतः महिन्यातून एकदा त्या घोळक्यात येऊन उभ्या राहायच्या, नुसत्या. सहा-सात महिन्यांनी त्यांच्याकडे आमच्या मुली जायला लागल्या. मुक्ताताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. पण एक लिहाच तुमच्या अभ्यासक्रमात : आतेला कोण विचारतं? ती सगळ्यांचं घेते आणि कुणाला देत नाही. तिला त्या वेळेचा पगार नाही, पाळीतून सूटही नाही.

---

प्रसाद_शारजा

वाचतोय, वाचनखूण साठवली.

माझ्या ऑफिसात आणि इमारतीत फिलिपिनो भरपूर. एक गोष्ट भर घालतो. इथे मनाच्या डॉक्टरकडे जायला लोक लाजतात त्याहून जास्त घाबरतात. नाव कुठे नोंदलं जाईल, मालकाला कळेल, व्हिसा नूतनीकरणात अडकेल. ही भीती खरी असो वा नसो, माणूस त्या भीतीवरच निर्णय घेतो. तेव्हा 'संस्कृतीमुळे मदत घेत नाहीत' असं लिहिण्याआधी कागदपत्रं आणि करार यांच्याबद्दलही विचारा.

खोलीत सहा-आठ जणी, पडदे लावलेले पलंग. फोन दिवसभर चालू, पलीकडे गावातलं स्वयंपाकघर. मुलं जेवताना आई इथून बघते, अभ्यास घेते. एकीने मला सांगितलं की मुलगा आता तिच्याशी बोलताना फोन उलटा ठेवतो. तिला ते बोलायला जागा नव्हती, खोलीतल्या सगळ्यांची मुलं तिकडेच. एकीने रडायला सुरुवात केली की सगळी खोली रडते, म्हणून कुणीच सुरुवात करत नाही.

परदेशी निघण्यापूर्वी त्यांना सरकारी प्रशिक्षणवर्ग सक्तीचा आहे. करार, बँक, त्या देशाचे कायदे वगैरे शिकवतात. तिथेच एखादा तास घरच्यांना सोबत बसवून दुराव्याबद्दल बोललं तर? निघणाऱ्या आईला आणि राहणाऱ्या आजीला एकत्र.

---

शर्वरी_द

मुक्ता, लेख छान, पण मला एक गोष्ट टोचते. काप्वा, आतला विश्वास, आपलं माणूस, सगळं सुंदर. त्याच समाजात मुलीला सांगतात की आम्ही जमीन विकून तुला नर्स केलं, आता भावाचं शिक्षण तू कर, त्याच्या मुलांचंही तूच बघ. त्याला 'ऊतांग ना लोओब' म्हणतात ना, आतून मानलेलं ऋण? ते कधीच फिटत नाही अशीच त्याची रचना आहे. मी कॅनडात शाळेत सामाजिक कार्यकर्ती आहे. माझ्याकडे येणाऱ्या फिलिपिनो मुलींचा त्रास घरापासून तुटल्याचा नसतो, घर सुटत नाही याचा असतो. समलिंगी मुलांचं तर विचारू नका. समुपदेशक जर घरच्यांच्या पंगतीत बसून तुरोन खाऊ लागला तर त्या मुलीने कुणाकडे जायचं?

आणि दुसरं, वादळ आलं की पुढारी म्हणतात, फिलिपिनो माणूस चिवट आहे, हसत उभा राहतो. त्या कौतुकावर तिथल्याच लोकांनी टीका केली आहे, कारण चिवटपणाची स्तुती केली की घरं बांधून द्यायची जबाबदारी सुटते. कातातागानचं पहिलं सत्र 'तुझं बळ' असण्यात तो धोका नाही का?

---

पै_मडगाव

शर्वरीताईंच्या मुद्द्यात तथ्य आहे.

गोव्यातून एक जोड देतो. आमच्याकडे 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून आहे. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, आरोग्यक्षेत्राचं शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावरचं काम करून घेतलं. त्याचा मोठा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्यांना स्पष्ट फायदा दिसला. @प्रमाण_द्या, म्हणजे 'आपल्यातला माणूस शिकवून तयार करणं' याला जगात पक्का पुरावा आहे, तो आपल्या दारातलाच. तिथे नैराश्य शब्दावर अडून न बसता लोक म्हणतात त्या 'टेन्शन'वर काम झालं.

पण ते चाललं कारण त्या समुपदेशकांच्या मागे देखरेख होती, अडलं तर विचारायला वरचा माणूस होता. वंदनाताईंच्या आतेची अडचण तीच.

अवांतर : आपला मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ चा, अंमल मे २०१८ पासून. फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रीय कायदा, क्रमांक ११०३६, त्याच वर्षी जूनमध्ये. त्यात वस्तीपातळीवरच्या सेवा आहेत आणि वैद्यकीय व पूरक शाखांच्या सगळ्या अभ्यासक्रमांत मानसोपचार सक्तीचा केलाय.

---

मुक्ता_सा

@शर्वरी_द : तुमचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण वर्गात तो दर वेळी येतो आणि यायलाच हवा.

नात्यात शिरणं म्हणजे घरच्यांच्या बाजूने बसणं, असं मी शिकवत नाही. ऋणाबद्दल एन्रिकेझ आणि पुढचे लोक सांगतात की ते दोन्ही बाजूंना बांधतं. ज्याने दिलं त्यानेही समोरच्याची पत राखायची असते. म्हणून त्या मुलीला 'तू स्वतंत्र आहेस, नाही म्हण' असं मी पहिल्या दिवशी सांगत नाही. ते वाक्य तिने टीव्हीवर शंभर वेळा ऐकलंय आणि ते म्हणून घरी गेली तर ती एकटी पडते. मी तिच्यासोबत बसून विचारते की घरात कुणाचं ऐकलं जातं, कुणाला तुझी दमछाक दिसते. बहुतेक घरांत एक मावशी किंवा मामा असतोच. आधी त्याच्याशी बोलणं, मग आईशी, आणि पैशाचा आकडा ठरवून मागणं : दरमहा इतके पाठवीन, यापुढे नाही. आकडा ठरला की ऋण मोजता येतं. जिथे मारहाण आहे, जिथे मुलाच्या समलिंगी असण्यावरून घर धोक्याचं झालंय, तिथे हे काहीही करायचं नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, आणि घरच्यांना खोलीत घ्यायचं नाही. हा फरक ओळखायला शिकवणं हाच माझ्या अभ्यासक्रमाचा सगळ्यात अवघड आठवडा आहे.

शिवाय 'आपलं' म्हणून जे मिरवतो त्यात वसाहतीचा गाळही आहे. अलास्कातले फिलिपिनो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ई. जे. आर. डेव्हिड यांनी २००६ मध्ये ओकाझाकींसोबत ही वसाहतीची मनोवृत्ती मोजायची प्रश्नावली केली : गोरं ते चांगलं, इंग्रजी ते हुशार, आपलं ते गावंढळ. माझ्याकडे येणारी तरुण मुलं आजीच्या उच्चारांची लाज वाटते हे सांगतात आणि मग लाज वाटली याची लाज वाटते. तो गाळ उपसायला तिथलाच इतिहास शिकवावा लागतो, म्हणून माझ्या वर्गात पहिलं वाचन इतिहासाचं आहे.

चिवटपणाबद्दल तुमच्याशी सहमत. बळाबद्दल विचारल्यावर लगेच पुढचा प्रश्न 'तुला कुणी काय द्यायला हवं होतं आणि दिलं नाही' हा असावा, असं मी यापुढे जोडणार.

@वंदना_सिस्टर : आतेच्या पगाराचा आणि सुटीचा मुद्दा मी आमच्या केंद्राच्या पुढच्या अर्जात पैशासकट घालतेय. चर्चमधल्या ज्या बायका आमच्याकडे माणसं आणून सोडतात त्यांना आजवर आम्ही आभारापलीकडे काही दिलेलं नाही.

@प्रसाद_शारजा : आजी आणि आई एकत्र, हे फार पटलं. कागदपत्रांची भीती इथेही आहे, तो प्रश्न आता पहिल्या भेटीत घेते.

@दवाओ_ते_लातूर : आमच्याकडे बिसाया बोलणारी कुटुंबं बरीच आहेत आणि साहित्य सगळं तागालोग. विचारायची रीत काय ठेवू?

---

दवाओ_ते_लातूर

ताई, भाषांतर करून घेऊ नका, तिथेच फसतं. वस्तीतल्या दोन-तीन बिसाया आज्यांना बोलवा, चहा-पाव द्या, आणि 'झोप न येणारा माणूस तुमच्या गावात काय म्हणायचा' एवढंच विचारून ऐकत बसा. त्या सांगतील ते वाक्य जसंच्या तसं फॉर्मवर छापा.

आणि बोलवाल तेव्हा त्यांच्या वेळेचे पैसे द्या, सगळ्यांदेखत नको, पाकिटात घालून, निघताना हातात. पाकीट नको म्हणतील. दुसऱ्यांदा द्या. तिसऱ्यांदा 'नातवासाठी' म्हणा, तेव्हा घेतील. सात-आठ जणींचा गट जमला तर मला कळवा, माझा तिथला वर्गमित्र आता सेबूमध्ये मानसोपचारात आहे, व्हिडिओवर येऊन बसायला तयार आहे. त्याच्याकडची वेळ तुमच्या संध्याकाळी पाचनंतरची धरा.